पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचे दिवस

"ऑपरेशन व्यवस्थित झाले," हे वाक्य ऐकण्यासाठी शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी नातलग तासन्‌तास ताटकळत असतात. ते कानी पडले की सर्वांचा जीव भांड्यात पडतो. गावाकडे फोन जातात, डबा घेऊन आलेली माणसे परतीची गाडी पाहू लागतात आणि रुग्णाजवळ एखादी वृद्ध आई किंवा शाळकरी मुलगा मागे उरतो. डॉक्टरांनी तेवढेच वाक्य उच्चारलेले असते आणि बहुधा ते खरेही असते. "आता काळजीचे कारण नाही" हे पुढचे वाक्य मात्र त्यांनी उच्चारलेले नसते. ते आपणच आपल्या मनाने जोडतो. पोटाच्या, विशेषतः जठर व आतड्यांच्या शस्त्रक्रियेबाबत हे जोडवाक्य फार महागात पडते. कारण अशा शस्त्रक्रियेचे यश टेबलावर निम्मेच ठरते. उरलेले निम्मे पुढच्या दहा-पंधरा दिवसांत ठरते, आणि त्यांतील बरेचसे दिवस रुग्ण घरी असतो.

प्रस्तुत लेखक वैद्यकीय क्षेत्रातील नाही. रुग्णांच्या भेटीगाठी हा मात्र धर्मगुरूच्या नित्यकर्माचा भाग असतो आणि त्या निमित्ताने जे प्रश्न वारंवार कानी येतात, त्यांची उत्तरे प्रसिद्ध वैद्यकीय संशोधनाच्या आधारे येथे एकत्र मांडली आहेत. आपल्या रुग्णाबाबत अंतिम शब्द त्याच्या शल्यचिकित्सकाचाच, हे गृहीत धरूनच पुढील मजकूर वाचावा.

मराठवाड्यातील कोणतेही मोठे गाव घेतले तरी चित्र सारखेच दिसेल. आपण हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यातले कुरुंदा हे गाव डोळ्यांसमोर ठेवू. हळदीचा हा मुलूख. वसमतची हळदीची बाजारपेठ दूरवर प्रसिद्ध आहे. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तेथे ताप-खोकला, बाळंतपण, लसीकरण होते. परंतु पोट उघडण्याची वेळ आली तर आधी वसमत आणि तेथून बहुधा नांदेड गाठावे लागते. नांदेडला विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे, आणि आसपासच्या अनेक तालुक्यांचा भार तेच वाहते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. त्याचे स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उद्घाटित होण्यास ९ ऑक्टोबर २०२४ हा दिवस उजाडावा लागला. ही आनंदाचीच गोष्ट आहे, पण महाविद्यालयाची पाटी लागणे आणि मध्यरात्री फुटलेले आतडे शिवणारा अनुभवी हात तेथे हजर असणे यांत काही वर्षांचे अंतर असते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

ग्रामीण भागातून पोटाच्या तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी जे रुग्ण येतात, त्यांचे आजार ठरावीक असतात. आंत्रपुच्छ म्हणजे अपेंडिक्स सुजून फुटणे, अडकलेला हर्निया, आतड्याला पडलेला पीळ, विषमज्वराने किंवा क्षयाने आतड्याला पडलेले छिद्र, आणि जठराच्या वा त्यालगतच्या आतड्याच्या व्रणाला पडलेले छिद्र. या शेवटच्या आजाराशी विडी-तंबाखूचा आणि अंगदुखीच्या गोळ्यांचा थेट संबंध आहे. कापूस वेचून किंवा हळद काढून कंबर मोडली की उपाशीपोटी एक गोळी घ्यायची आणि पुन्हा रानात जायचे, असे महिनोन्‌महिने चालते. आतील अस्तर झिजत जाते आणि एके दिवशी पोटात सुरी खुपसावी तशी कळ येते. ती कळ आली तरी पहिला दिवस "गॅस झाला" म्हणण्यात, दुसरा दिवस गावातल्या इंजेक्शनात आणि तिसरा दिवस पैशांच्या जुळवाजुळवीत जातो. छिद्र पडल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत जितके तास जातात, तितका पुढचा धोका वाढत जातो. गुंतागुंतीची सुरुवात अशी शस्त्रक्रियेच्या आधीच झालेली असते, आणि मग तिचा दोष मात्र शस्त्रक्रियेच्या माथी येतो.

आतड्यांची शस्त्रक्रिया इतर शस्त्रक्रियांहून वेगळी का, हे समजण्यास फार पांडित्य लागत नाही. हाताचे हाड जोडताना डॉक्टर निर्जंतुक जागेत काम करतात. आतडे मात्र मुळातच जंतूंनी भरलेले असते. हे जंतू आतड्याच्या आत आहेत तोवर आपले पोषण करण्यास मदत करतात. तेच उदरपोकळीत सांडले की विष होतात. आतड्याचा सडलेला किंवा गाठ झालेला भाग काढून दोन टोके एकमेकांना शिवली जातात, त्याला शल्यचिकित्सक "जोड" म्हणतात. तो जोड भरून येण्यास रक्तपुरवठा, प्रथिने आणि काही दिवसांचा अवधी लागतो. बाहेरच्या टाक्यांवर पट्टी बांधून लक्ष ठेवता येते. आतल्या जोडाकडे पाहता येत नाही. तो धरला की सुटला, हे शरीराच्या इतर खुणांवरूनच ओळखावे लागते. सारी मेख येथेच आहे.

आता काही आकडे पाहू. ६६ देशांतील ३४३ रुग्णालयांत जठर व आतड्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या १२,५३९ रुग्णांची पाहणी 'ग्लोबलसर्ज' या संशोधक गटाने केली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट' समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तीस दिवसांच्या आत शस्त्रक्रियेच्या जखमेत जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण विकसित देशांत ९.४ टक्के, मध्यम विकासाच्या देशांत १४ टक्के आणि अल्पविकसित देशांत २३.२ टक्के आढळले. आपला देश मधल्या गटात मोडतो. म्हणजे साधारणतः सात रुग्णांमागे एकाची जखम चिघळणार, हे धरूनच चालावे. याच गटाने त्याआधी ५८ देशांतील १०,७४५ तातडीच्या पोटाच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास केला होता. शस्त्रक्रियेनंतर २४ तासांच्या आत मृत्यू पावलेले रुग्ण होते १.६ टक्के, तीस दिवसांपर्यंतचा आकडा होता ५.४ टक्के. याचा सरळ अर्थ असा, की दगावलेल्या रुग्णांपैकी बहुसंख्य रुग्ण टेबलावर किंवा पहिल्या रात्री गेले नाहीत. ते नंतर गेले. २०१९ मधील एका अंदाजानुसार, जगात दरवर्षी सर्व प्रकारच्या शस्त्रक्रियांनंतर तीस दिवसांच्या आत ४२ लाख माणसे मृत्युमुखी पडतात. एचआयव्ही, क्षय आणि हिवताप यांनी मिळून होणाऱ्या मृत्यूंपेक्षा ही संख्या मोठी आहे.

तथापि या साऱ्यांहून महत्त्वाचा आकडा अमेरिकेतील एका अभ्यासातला आहे. २००९ मध्ये तेथील संशोधकांनी ८४,७३० रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्या रुग्णालयांत मृत्यू सर्वांत कमी आणि ज्यांत सर्वांत जास्त, अशा दोहोंची त्यांनी तुलना केली. चांगल्या रुग्णालयांत गुंतागुंत कमी होत असेल, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात दोन्हीकडे साधारण चौथ्या हिश्शाच्या रुग्णांना कसली ना कसली गुंतागुंत झालीच होती. फरक पुढे होता. गंभीर गुंतागुंत झालेल्यांपैकी एका गटात १२.५ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात २१.४ टक्के. संकट दोन्हीकडे सारखेच आले. एकीकडे ते वेळीच ओळखून रुग्णाला सावरले गेले, दुसरीकडे उशीर झाला. कुरुंद्याच्या रुग्णापुरते बोलायचे तर ओळखण्याचे हे काम पाचव्या-सहाव्या दिवसानंतर घरच्या माणसांवर येऊन पडते, आणि ते कसे करायचे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

गुंतागुंतींना त्यांचे स्वतःचे वेळापत्रक असते. पहिल्या दोन दिवसांत रक्तस्राव आणि छातीत कफ साचणे यांची भीती. रुग्ण टाके दुखतात म्हणून खोकत नाही, खोल श्वास घेत नाही, आणि फुप्फुसाचा तळ बंद पडून न्यूमोनिया होतो. विडी ओढणाऱ्यांना तर हमखास. म्हणूनच परिचारिका रुग्णाला उठवून बसवतात, उशी पोटाशी धरून खोकायला लावतात. नातलग तिच्यावर रागावतात, ते रागावणे अनाठायी आहे. या काळात आतडी झोपलेली असतात. पोट उघडून हाताळले की आतड्यांची हालचाल मंदावते. लहान आतडे लवकर जागे होते, मोठ्या आतड्याला दोन-चार दिवस लागतात. वायू सरणे ही आतडी जागी झाल्याची खूण. डॉक्टर रोज तोच एक प्रश्न विचारतात तेव्हा लेकी-सुनांना संकोच वाटतो. पण उत्तर संकोच न करता, स्पष्ट द्यावे.

पाचव्या ते आठव्या दिवसांच्या सुमारास आतला जोड गळण्याचा धोका असतो. हे दिवस फसवे. रुग्ण चालू-फिरू लागलेला असतो, थोडेफार खात असतो, घरी जाण्याची घाई झालेली असते. अशा वेळी जोड सुटला तर नेहमीच आरडाओरडा होईल असे नाही. बहुतेकदा पहिली सूचना नाडी देते. आदल्या दिवसापर्यंत ८०-८५ असलेली नाडी शांत पडून असतानाही शंभराच्या वर जाते. श्वास जलद होतो. पोट फुगू लागते, सुटलेली भूक पुन्हा जाते, मळमळते, लघवी कमी होते. म्हाताऱ्या माणसात कधी कधी एवढेच दिसते, की तो असंबद्ध बोलू लागतो किंवा गप्प गप्प होतो. ताप नंतर येतो, आणि वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर येतही नाही. कारण त्याच गोळ्या ताप झाकून ठेवतात. "ताप नाही म्हणजे सारे ठीक," हे म्हणूनच पुरेसे नाही.

येथे दिवंगत पोप फ्रान्सिस यांचे उदाहरण बोलके आहे. ४ जुलै २०२१ रोजी रोमच्या जेमेली रुग्णालयात त्यांच्या मोठ्या आतड्याचा अरुंद झालेला भाग काढण्यात आला. तिसऱ्या दिवशी, ७ जुलैच्या संध्याकाळी, त्यांना थोडा ताप आला. दुसऱ्या दिवशी व्हॅटिकनच्या पत्रकात ती बातमी तर होतीच, शिवाय रक्तातील जंतूंच्या तपासण्या आणि छाती व पोटाचे सीटी स्कॅन होऊन काहीही दोष आढळला नाही, हेही नमूद होते. ८४ वर्षांच्या रुग्णाला एका संध्याकाळी ताप आला आणि काही तासांत छाती व पोट दोन्ही पाहून झाले. पोप म्हणून ही तत्परता मिळाली, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहेच. पण ताप हा "थकव्याचा" म्हणून सोडून दिला नाही, ही गोष्ट पोपपदावर अवलंबून नाही. पुढे एका मुलाखतीत आपले प्राण एका परिचारकाने वाचवले, असे पोप फ्रान्सिस यांनी स्वतः सांगितले. शस्त्रक्रिया करून घ्या असा आग्रह त्याच अनुभवी माणसाने धरला होता. जो रुग्णाजवळ सतत असतो त्याला जे दिसते, ते फेरी मारून जाणाऱ्याला दिसेलच असे नाही.

घरी परतलेल्या रुग्णाजवळ हे परिचारकाचे काम कोणी तरी एकाने अंगावर घ्यावे. एका वहीत सकाळ-संध्याकाळ नाडी मोजून लिहावी. मनगटावर तीन बोटे ठेवून घड्याळातील पूर्ण एक मिनिट मोजणे चौथीतल्या मुलालाही जमते. ताप, पोट फुगले का, शौचास झाली का, लघवी किती वेळा झाली, काय खाल्ले, एवढे त्याखाली. पाच ओळींची ही वही आशा कार्यकर्तीला किंवा फोनवर डॉक्टरांना वाचून दाखवली, तर "बरं वाटत नाही" या मोघम वाक्यापेक्षा ती शतपटीने उपयोगी पडते. नाडी शंभराच्या वर टिकून राहणे, पुन्हा पुन्हा उलटी, पोट ताठ होणे, दम लागणे, सहा-आठ तास लघवी न होणे, एका पायाच्या पोटरीला सूज व वेदना, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. पोटरीच्या सुजेमागे रक्ताची गुठळी असू शकते आणि ती फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते.

आणखी एक खूण सांगावीशी वाटते, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. सहा ते दहा दिवसांच्या दरम्यान कोरड्या असलेल्या जखमेतून अचानक गुलाबी, पातळ पाणी येऊन पट्टी भिजली, तर पोटाचे आतले टाके सुटत असल्याची ती पूर्वसूचना असू शकते. वरची कातडी तोवर शाबूत दिसते. अशा रुग्णाला झोपवून ठेवावे, जखमेवर स्वच्छ ओलसर कापड ठेवावे आणि त्याच अवस्थेत रुग्णालयात न्यावे. आतडे बाहेर आलेच तर ते हाताने आत ढकलू नये.

जखमेविषयी एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. हळदीच्या मुलुखात हळदीविरुद्ध बोलणे धाडसाचे. पण टाक्यांवर हळद, राख, तूप, कसलाही पाला लावू नये. स्वयंपाकघरातील हळद पोटात जाण्यासाठी आहे, ती निर्जंतुक केलेली नसते. जखम लाल, गरम होऊन ठणकू लागली, तिला दुर्गंधी आली किंवा पू आला, तर डॉक्टर एखादा टाका सोडून पू वाट करून देतात. बहुतेक वेळा एवढ्याने काम भागते. मेडिकल दुकानातून मनानेच प्रतिजैविके आणून खाणे मात्र दुहेरी नुकसानीचे. वर उल्लेखिलेल्या ६६ देशांच्या पाहणीत, ज्यांच्या जखमेतील जंतूंची तपासणी झाली त्यांपैकी पाचांत एकापेक्षा अधिक रुग्णांमध्ये ते जंतू शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या प्रतिजैविकाला दाद देत नव्हते.

आहाराबाबतचे आपले पथ्य तर रुग्णाचे शत्रूच होऊन बसले आहे. भाताने पू होतो, डाळीने वात होतो, आंबटाने टाके पिकतात, अंडे गरम पडते. असे करीत करीत रुग्णाच्या ताटात साबुदाण्याची पेज आणि चहा-बिस्कीट एवढेच उरते. जखम प्रथिनांनी भरते. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना लवकर खाऊ घालण्याचा व लवकर चालवण्याचा प्रयोग केला. त्याआधी आतड्यांना दीर्घ विश्रांती देण्याचीच रीत होती. रुग्ण लवकर बरे झाले, आणि आज जगभर हीच पद्धत मान्य आहे. डॉक्टरांनी खाण्यास परवानगी दिली की मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, दही, अंडे, चालत असेल तर मासे वा चिकनचा रस्सा, थोडे थोडे पण दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. आपल्याकडे शस्त्रक्रियेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये रक्त कमी असणे ही नित्याची बाब आहे. घरातील बाई सर्वांच्या शेवटी जेवते, आजारपणातही. तिच्या बाबतीत पथ्य हा उपासमारीला मिळालेला परवाना ठरतो.

रक्ताचा विषय निघालाच आहे. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत रक्त द्यावे लागते, आणि कधी कधी रक्तातूनच नवे संकट येते. १३ मे १९८१ रोजी सेंट पीटर चौकात पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आतडी अनेक ठिकाणी फाटली होती; पाच तासांहून अधिक काळ शस्त्रक्रिया चालली. ३ जूनला ते व्हॅटिकनमध्ये परतले आणि साऱ्या जगाने सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु ताप हटेना. २० जूनला त्यांना पुन्हा दाखल करावे लागले. तो सायटोमेगॅलो नावाच्या विषाणूचा संसर्ग होता आणि तो दिलेल्या रक्तावाटे आला असावा, असा निष्कर्ष निघाला. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही ते कायमचे घरी आले ते १४ ऑगस्टला, दुसऱ्या एका शस्त्रक्रियेनंतर.

पुढच्याच वर्षी आपल्या देशाने असाच प्रसंग अनुभवला. जुलै १९८२ मध्ये बेंगळुरूला 'कुली' चित्रपटाच्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन यांच्या पोटाला मार बसून आतडे फाटले. बाहेरून जखम दिसत नव्हती. तेथील सेंट फिलोमिना रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, प्रकृती खालावल्याने त्यांना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात हलवून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, आणि २ ऑगस्टला ते मृत्यूच्या दारातून परतले. २४ सप्टेंबरला ते घरी आले. गोष्ट येथे संपली असे सर्वांना वाटले. त्यांना दिलेल्या रक्तांपैकी एका दात्याचे रक्त हेपेटायटिस बी या विषाणूने बाधित होते, हे बऱ्याच वर्षांनी उघड झाले. तोवर यकृताचा तीन-चतुर्थांश भाग निकामी झाला होता, असे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. आज दात्याच्या रक्ताची हेपेटायटिस बी व सी, एचआयव्ही, गुप्तरोग आणि हिवताप यांसाठी तपासणी सक्तीची आहे. म्हणून रक्ताला घाबरून नकार देऊ नये. ते परवानाधारक रक्तपेढीतलेच असल्याची खात्री मात्र करावी.

सारा भार नातलगांवर टाकून रुग्णालये मोकळी होऊ शकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक साधी तपासयादी तयार केली: रुग्ण हाच ना, शस्त्रक्रिया हीच ना, प्रतिजैविक वेळेवर दिले का, रक्ताची सोय आहे का, शेवटी बोळे व उपकरणे मोजली का. आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यांत दिल्लीचे सेंट स्टीफन्स हे मिशनचे जुने रुग्णालयही होते. मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. अलीकडे, २०२२ मध्ये, भारतासह सात देशांतील ८१ रुग्णालयांत आणखी साधी गोष्ट तपासली गेली. पोट शिवण्यापूर्वी हातमोजे आणि उपकरणे बदलायची, इतकेच. जखमेतील जंतुसंसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर उतरला. कागद, पेन्सिल आणि हातमोज्यांची एक जास्तीची जोडी. यासाठी कोणत्याही नव्या यंत्राच्या खरेदीची वाट पाहावी लागत नाही.

खर्चाच्या बाबतीत परिस्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता. पुढील वर्षी ती राज्यभर लागू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते आणि तिचे संरक्षण प्रतिवर्षी प्रतिकुटुंब पाच लाख रुपयांपर्यंत वाढवले आहे. पोटाच्या अनेक शस्त्रक्रिया तिच्यात येतात. पुष्कळांना ठाऊक नसते की काही शस्त्रक्रियांनंतरचे फेरतपासणीचे उपचारही तिच्यात आहेत, आणि घरी सोडल्यानंतरची काही दिवसांची औषधे व तपासणी मूळ पॅकेजातच धरलेली असते. किती दिवसांची, हे आरोग्यमित्राला विचारून कागदावर लिहून घ्यावे. सुट्टीच्या कागदावर नेमकी कोणती शस्त्रक्रिया झाली, आतड्याला जोड आहे का, टाके कधी काढायचे आणि रात्री-अपरात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे लिहिलेले आहे ना, हे वॉर्ड सोडण्यापूर्वीच पाहावे. रात्री १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावताना तो कागद हाताशी असला, तर नांदेडला पोहोचल्यावर पहिल्यापासून सारी कथा सांगावी लागत नाही.

पावसाळ्यात ठरवून करावयाची शस्त्रक्रिया असेल तर घरी परतण्याची घाई आणखीच टाळावी. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीने कुरुंद्यात घराघरांत पाणी शिरले होते. अशा रात्री सहाव्या दिवसाचा रुग्ण घरात असणे म्हणजे काय, याची कल्पना केलेली बरी. शक्य असेल तर पहिले दहा-बारा दिवस नांदेड किंवा वसमत येथे नातलगांकडे काढावेत. ज्या धर्मग्रामांत लहान ख्रिस्ती समूह आहेत, त्यांनी अशा कुटुंबाला प्रार्थनेबरोबर एक खोली आणि दोन वेळचा डबा दिला, तर त्याचे मोल फार मोठे आहे.

काही गुंतागुंती महिन्यांनी, वर्षांनी येतात. आतड्यांचे वेढे आतल्या आत एकमेकांना चिकटतात आणि कधी तरी मार्ग अडवतात. जुन्या व्रणाजवळ पोटाची भिंत कमजोर होऊन हर्निया फुगतो. पोप फ्रान्सिस यांना ७ जून २०२३ रोजी पुन्हा पोटाची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली ती याच कारणाने; जुन्या व्रणाच्या जागी झालेल्या हर्नियात आतडे अडकून वारंवार त्रास होत होता. जाळी बसवण्यात आली आणि १६ जूनला ते घरी परतले. पोटावर जुना व्रण असलेल्या माणसाला वारंवार मुरडा, उलटी व पोट फुगणे होऊ लागले, तर ते अपचन समजून चूर्ण देत बसू नये. पहिले दोन-तीन महिने पोते उचलणे, पाण्याचे हंडे वाहणे टाळणे हे हर्नियाविरुद्धचे संरक्षण आहे; शेतकरी घरात ते पाळणे किती कठीण असते, याची जाणीव ठेवूनही हे लिहिले आहे.

सर्वांत अवघड बोलणे असते ते पोटावर काढलेल्या शौचमार्गाविषयी. आतडे फार दूषित झाले असेल तर जोड करणे धोक्याचे ठरते. तेव्हा त्याचे टोक पोटावर काढून त्यावर पिशवी लावतात. अनेकदा ही व्यवस्था काही महिन्यांपुरतीच असते. पण रुग्ण घराबाहेर पडणे सोडतो, मिस्सेला येत नाही, लग्नाकार्याला जात नाही, जेवणही कमी करतो, जेणेकरून पिशवी भरू नये. पोप दुसरे जॉन पॉल यांनाही १९८१ च्या त्या उन्हाळ्यात हीच व्यवस्था सोसावी लागली होती. ५ ऑगस्टची त्यांची दुसरी शस्त्रक्रिया ती बंद करण्यासाठीच होती. डॉक्टर थोडे थांबू इच्छित होते, पण रुग्णाने आपले म्हणणे मांडले आणि डॉक्टरांशी चर्चा करून दिवस ठरवला. आपल्या रुग्णानेही हे विचारावे: ही पिशवी कायमची की तात्पुरती, आणि तात्पुरती असेल तर परत कधी यायचे? असे रुग्ण तारीख न कळल्यामुळे किंवा पुन्हा पोट उघडण्याच्या भीतीने वर्षानुवर्षे तसेच राहू शकतात. पिशवीभोवतीची कातडी कोमट पाण्याने धुऊन कोरडी ठेवावी, पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करावी, उन्हाळ्यात पाणी व मीठ कमी पडू देऊ नये. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा रुग्णांचे प्रश्न जाणणारी संस्था अनेक वर्षे कार्यरत आहे. पिशव्यांविषयी आणि त्या लावण्याच्या पद्धतीविषयी तेथे मार्गदर्शन मिळते.